मुलांना पुढे करून

दरवर्षी २६ जूनला राज्यातल्या शाळांत दोन कार्यक्रम एकाच सकाळी होतात. राजर्षी शाहू महाराजांची जयंती आणि जागतिक अमली पदार्थविरोधी दिन. फोटोला हार घालून झाला की मुलांच्या हाती फलक येतात, गावातून फेरी निघते, मैदानावर शपथ होते, चित्रकला स्पर्धा होते. मुलं काय काढतात ते एकदा जाऊन बघा. कवटी, सुई, काळा धूर, पालथा पडलेला माणूस. फेरी शाळेच्या फाटकातून निघते आणि पहिल्या वळणावरच्या पानटपरीसमोरून जाते. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. तसा फलक फाटकावर असतो आणि टपरीही असते. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. सरकार ती वर्षावर्षाला नव्यानं जाहीर करतं आणि रिकाम्या पुड्या गटारात दिसत राहतात.

मुलांना हे सगळं दिसतं. बंदी म्हणजे भिंतीवर लिहायची आणि रस्त्यावर मोडायची गोष्ट, हा धडा आपण त्यांना पुस्तकाविना शिकवून ठेवला आहे. म्हणून या आठवड्यात बंदी, व्यक्तिस्वातंत्र्य आणि मुलं या तिन्हींवर सरळ बोलायचं ठरवलं आहे. या वादात दोन्ही बाजूंचे लोक मुलांनाच पुढे करतात आणि मुलांशी मात्र कोणीच बोलत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे.

आधी आकडे बघू. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'नं देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वर्षांच्या वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी. भांग, गांजा, चरस मिळून २.८ टक्के. अफू आणि तिच्या कुळातले पदार्थ २.१ टक्के. या सगळ्या यादीत एकच प्रकार असा आहे की ज्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत. तो म्हणजे हुंगायचे पदार्थ. मोठ्यांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयाच्या मुलांत १.१७ टक्के. मदतीची गरज असलेल्या अशा मुलांची संख्या ४ लाख ६० हजार.

ही मुलं काय हुंगतात? पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर, पेट्रोल. सायकलच्या दुकानात, स्टेशनरीत, हार्डवेअरमध्ये मिळणारा माल. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत यातलं काही नाही आणि सगळ्या पंक्चरवाल्यांना सोल्युशन विकायला-वापरायला बंदी करणं कोणालाही शक्य नाही. म्हणजे मुलांच्या नावानं जो कायदा सांगितला जातो, तो ज्या पदार्थात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत, त्याला हात लावत नाही. रेल्वे स्टेशनच्या पुलाखाली चिंधी नाकाला लावून बसलेला अकरा वर्षांचा मुलगा कोणत्याही छाप्याच्या बातमीत येत नाही. त्याच्यावर टीव्हीवर चर्चा होत नाही. तो कोणाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा नाही आणि कोणाच्या बंदीचाही नाही.

आता स्वातंत्र्यवाल्यांकडे वळतो. त्यांचं म्हणणं मी गांभीर्यानं घेतो, कारण त्यात मोठं सत्य आहे. प्रौढ माणसाच्या शरीरावर त्याचाच हक्क. दुसऱ्याला इजा होत नसेल तर सरकारनं मध्ये पडू नये. जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त हे मांडलं, आणि हा नियम मुलांना लागू नाही हेही त्यानं तिथेच स्पष्ट केलं. पुढचं मात्र आपल्याकडचे मिलभक्त सांगत नाहीत. त्यानं मुलांच्या जोडीला 'मागास' समाजही वगळले, म्हणजे आपल्यालाही. आणि चीननं अफूच्या आयातीवर घातलेली बंदी ही गिऱ्हाइकाच्या स्वातंत्र्यावरची गदा आहे, असं त्यानं त्याच पुस्तकात लिहिलं. मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. बंगाल-बिहारकडच्या अफूची मक्तेदारी कंपनीकडे होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि तिच्यावरच्या कराचा पैसाही कंपनीलाच मिळे. मुंबईतली कित्येक मोठी घराणी या व्यापारात वर आली. सर जमशेदजी जिजीभाईंच्या संपत्तीतही अफूचा मोठा वाटा होता. बिहारच्या शेतकऱ्याला कंपनीची उचल घेऊन ठरल्या भावात अफू पिकवावी लागे. त्या शेतकऱ्याचं स्वातंत्र्य त्या पुस्तकात कुठे बसतं?

मिलचा नियम मी टाकून देत नाही. पण स्वातंत्र्याची गोष्ट निघाली की गल्ला कोणाचा आहे ते आधी बघायचं, हे या इतिहासातून घ्यायला हवं. पिणाऱ्याच्या हक्काची भाषा विकणाऱ्याच्या तोंडून फार लवकर येते. आज ऑनलाइन सट्टा, वेलची-सुपारीच्या आडून होणारी जाहिरात आणि दारूच्या कंपनीचा सोडा या सगळ्यांच्या वकिलांकडे निवडीच्या स्वातंत्र्याचा मुद्दा तयार असतो.

इजा फक्त स्वतःलाच होते का, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर विदर्भातल्या बायकांनी तत्त्वज्ञांच्या आधी दिलं आहे. वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ते २०२१. गडचिरोलीचा आणि चंद्रपूरचा लढा गावातल्या बायकांनी रस्त्यावर उतरून दिला. त्यांची भाषा नीतिमत्तेची नव्हती. मजुरीचे पैसे आले किती, घरी पोचले किती, मार कोणी खाल्ला, शाळा कोणाची सुटली, असा तो रोकडा हिशेब होता. राज्यात इतरत्र बायकांना मतदानानं गावातलं दुकान बंद करता येतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद, या चिन्हांवर मत पडतं. ठरलेल्या संख्येत सह्या गोळा करायच्या, मतदानाचा दिवस मिळवायचा, दुकानदाराचं वजन आणि नवऱ्याचा राग दोन्ही झेलून केंद्रावर जायचं. आडवी बाटली जिंकलेल्या गावातल्या बाईला कोणी मिल शिकवू नये. 'माझ्या पैशानं पितो, तुझं काय जातं' या वाक्यातला पहिला शब्दच तिला मान्य नाही, आणि तिचं बरोबर आहे.

आता नीट बघा. आडवी बाटली करणाऱ्या बायकांनी दुकान बंद केलं. त्यांनी पिणाऱ्याला तुरुंगात घातलं नाही, कारण तो तुरुंगात गेला तर उद्याची मजुरीही गेली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुकान बंद करणं आणि माणूस बंद करणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपला कायदा, आपले पोलीस आणि आपली चर्चा हा फरक सतत पुसून टाकतात.

बिहारकडे बघा. एप्रिल २०१६ मध्ये पूर्ण दारूबंदी आली ती बायकांच्याच मागणीवर. पण कायदा लिहिणाऱ्यांनी पिणाऱ्यालाच मोठा गुन्हेगार केलं. लाखो अटका झाल्या, त्यांत गरीब आणि खालच्या जातींतले लोक भरले, न्यायालयात जामिनाच्या अर्जांचे ढीग लागले. शेवटी २०२२ मध्ये कायदा बदलून पहिल्यांदा सापडलेल्याला दंडावर सोडायची तरतूद करावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूनं सत्तरहून अधिक माणसं गेली. गुजरातेत राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. तिथेही जुलै २०२२ मध्ये बोटादच्या बाजूला चाळीसहून अधिक माणसं अशीच गेली. बंदी उठवली की हे थांबतं, असंही मी म्हणणार नाही. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीला विषारी दारूनं शंभराच्या वर माणसं मेली तेव्हा शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर परवान्याची दारू मिळत होती. विषारी दारू गरिबाला मारते, कारण ती स्वस्त असते आणि तिच्यात काय आहे हे कोणी सांगत नाही.

आणि आपलं राज्य? इथला कायदा १९४९ चा आणि नावानं आजही दारूबंदीचाच. कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो. बिअर-वाइनला वय २१, कडक दारूला २५. त्याच कायद्याखाली राज्याच्या तिजोरीत दरवर्षी हजारो कोटी रुपये येतात. 'बंदी उठवा, वयाची अट घाला, म्हणजे मुलं आपोआप वाचतील' असं सांगणाऱ्यांनी कोणत्याही शहरातल्या दुकानासमोर शनिवारी संध्याकाळी अर्धा तास उभं राहावं. वयाचा पुरावा किती जणांना मागितला जातो ते मोजावं. बंदीनं मुलं वाचली नाहीत आणि नियमनानंही वाचली नाहीत, कारण दोन्ही गोष्टी कागदावर आहेत.

अमली पदार्थांच्या कायद्यात हा घोळ अधिक खोल आहे. भांगेच्या झाडाची पानं कायद्याच्या व्याख्येबाहेर, त्याच झाडाचा फुलोरा व्याख्येच्या आत. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये यावर आयोग नेमला, हजाराहून अधिक साक्षी घेतल्या, आणि आयोगानं सरसकट बंदी नको असं सांगितलं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं गांजाही अफू-कोकेनच्या पंगतीत आणला आणि भारतानं १९८५ मध्ये त्याप्रमाणे कायदा केला. कलम २७ प्रमाणे नशा केली एवढ्याच गुन्ह्याला, पदार्थ पाहून, सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याच कायद्यात कलम ६४ अ आहे. किरकोळ प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. हे कलम किती आई-बापांना ठाऊक आहे? पोलीस चौकीत कोण सांगतं?

२०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या क्रूझवर छापा पडला. एका मोठ्या नटाचा मुलगा तीन आठवड्यांहून जास्त कोठडीत राहिला आणि पुढच्या मे महिन्यात आरोपपत्र आलं तेव्हा पुराव्याअभावी त्यात त्याचं नाव नव्हतं. छाप्याचा तो सगळा ऑक्टोबर महाराष्ट्र दुसरं काही बोलत नव्हता. त्या चर्चांमध्ये उपचार हा शब्द ऐकल्याचं मला आठवत नाही. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला मेफेड्रोनचा, म्हणजे पोरं ज्याला 'एमडी' म्हणतात त्याचा, कारखाना शोधला. पुणे आणि दिल्ली मिळून पकडलेला माल हजार किलोंच्या पुढे गेला. ताकद इथे लावायची असते. टनांनी माल काढणाऱ्याच्या मागे लागणं आणि एका पुडीसाठी कॉलेजच्या पोराला उचलणं, या दोन कामांना एकच नाव देऊ नका.

व्यसनी माणसाचं काय करायचं, याचं उत्तर याच राज्यात तयार आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, पसरली. अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये बसून लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई मदतीला उभे राहिले आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता अवचट तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी व्यसनी माणसाला रुग्णमित्र मानलं. बायकांसाठी 'सहचरी'चा गट केला, कारण व्यसन एकाचं आणि आजार घराचा हे त्यांना दिसत होतं. बरे झालेले जुने रुग्णच पुढे समुपदेशक झाले. स्लिप झालेला माणूस पुन्हा दारात आला तर त्याला पुन्हा घेतात, कारण घसरणं हा या आजाराचा भाग आहे. या कामाला चाळीस वर्षं होत आली, तरी 'एम्स'चाच अहवाल सांगतो की दारूच्या पक्क्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. सदतीस जण घरी, गुत्त्यावर नाहीतर चौकीत.

व्यसनाबद्दल स्वातंत्र्यवाद्यांना एक प्रश्न विचारायला हवा. माणसाला स्वतःला गुलाम म्हणून विकायचं स्वातंत्र्य नाही, असं मिलनंच म्हटलं आहे. गर्दुल्ला सकाळी उठून काय निवडतो? त्याचं स्वातंत्र्य आधीच गेलेलं असतं, ते परत मिळवून द्यायचं असतं. आणि तुरुंगात ते परत मिळत नाही, हे बंदीवाल्यांना सांगायला हवं.

पोर्तुगालनं २००१ मध्ये स्वतःपुरता, म्हणजे दहा दिवसांना पुरेल इतका, माल बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं. विक्री गुन्हाच राहिली. सापडलेल्याला एका छोट्या मंडळासमोर जावं लागतं, तिथून गरज असेल तर उपचाराकडे. सुईनं नशा करणाऱ्यांतल्या एचआयव्हीच्या नव्या लागणी तिथे खूप घटल्या. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०२० मध्ये मतदान घेऊन तसंच केलं, पण उपचाराची केंद्रं उभी राहायला वेळ लागला, रस्त्यावरची नशा लोकांना असह्य झाली आणि २०२४ मध्ये पाऊल मागे घ्यावं लागलं. शिक्षा काढून टाकणं सोपं असतं. तिच्या जागी डॉक्टर, खाट आणि पाठपुरावा ठेवायला पैसा लागतो.

हे सगळं मोठ्यांचं झालं. मुलांचं वेगळं आहे आणि तिथे मला कोणतीही तडजोड मान्य नाही. पोराला दारू, तंबाखू, नशा देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. हे कलम वापरा. 'जा रे, दोन खर्रे घोटून आण' असं म्हणून आठ वर्षांच्या पोराला टपरीवर पिटाळणारे बाप विदर्भात गल्लोगल्ली आहेत. इतरत्र खर्र्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या, जागी तंबाखूची पुडी असते एवढंच. पोराची व्यसनाशी पहिली ओळख घरातून होते, आपल्याच हातून होते. राष्ट्रीय पाहणीत २०१६-१७ मध्ये महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेणारे निघाले, त्यांतले बहुतेक चघळणारे. त्या घरांतल्या मुलांना कवटीचं चित्र काढायला सांगून काय होणार?

भीती घालून मुलं सुधारतात, हा समज तपासून झालेला आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ साली 'डेअर' नावाचा कार्यक्रम निघाला. गणवेशातले पोलीस वर्गात जाऊन मुलांना नशेला नाही म्हणायला शिकवत. अमेरिकेतल्या बहुसंख्य शाळांत तो पोचला. नव्वदच्या दशकापासून अभ्यास होत गेले आणि मुलांच्या वागण्यात टिकाऊ फरक पडला नाही, हेच पुन्हा पुन्हा निघालं. त्याचं कारण मला तरी अवघड वाटत नाही. आपण सांगतो, एकदा घेतलंस की संपलास. मग मुलगा बघतो की त्याचा आतेभाऊ गांजा ओढतो आणि इंजिनिअरिंगला पहिल्या वर्गात पास होतो. त्या क्षणी आपली सगळीच वाक्यं खोटी ठरतात, गांजाबद्दलची आणि गर्दबद्दलचीही. खोट्यानं विश्वास जातो, आणि गर्द समोर येते तेव्हा ऐकायला कोणी उरत नाही.

खेड्यात विहिरीला कठडा बांधतात आणि पोराच्या कमरेला डबा बांधून त्याला पोहायलाही शिकवतात. कठडा आहे म्हणून पोहणं शिकवायचं नाही, असं कोणी शहाणा बाप म्हणत नाही.

मग मुलांना सांगायचं काय? खरं सांगायचं, आणि पदार्थापदार्थांतला फरक सांगायचा. सोल्युशन हुंगताना पहिल्याच वेळी हृदय बंद पडून मूल जाऊ शकतं. हे भयानक आहे आणि खरं आहे, म्हणून जोर देऊन सांगा. गांजानं सहसा असा मृत्यू येत नाही, पण मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो आणि शाळेच्या वयात रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा आणि व्यसनाचा धोका वाढतो. गर्द आणि दारू एकत्र घेतली की झोपेतच श्वास थांबू शकतो. एमडीच्या पुडीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तंबाखूतलं निकोटीन लहान वयात फार लवकर पकडतं आणि पकडलेलं सोडायला वर्षं जातात. दारू कायदेशीर आहे म्हणून निर्धोक नाही. या देशात सर्वांत जास्त घरं तिनंच मोडली आहेत. सातवीतल्या मुलाला हे समजतं. त्याला प्रश्न विचारू द्या. 'बाबा, मग तुम्ही का घेता?' हा प्रश्न येणारच. उत्तर टाळू नका. 'मला सोडायला जमत नाही' असं उत्तर खरं असेल तर तेच द्या. त्याचा परिणाम दहा व्याख्यानांहून जास्त होतो.

आणि शाळेच्या शपथेत नसलेली एक गोष्ट आधी शिकवा. मित्र घेऊन बेशुद्ध पडला तर काय करायचं? आज आपली पोरं काय करतात ते सांगतो. पळतात. पोलीस येतील, घरी कळेल, कॉलेजमधून काढतील, या भीतीनं मित्राला खोलीत टाकून पळतात, आणि जे एका फोननं वाचलं असतं ते पोर सकाळी सापडतं. त्याला कुशीवर वळवायचं, एकट्याला सोडायचं नाही, १०८ ला फोन करायचा, काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगायचं. एवढं प्रत्येक नववीच्या वर्गात शिकवायला अर्धा तास लागतो. आणि प्रत्येक मुख्याध्यापकानं, प्रत्येक वसतिगृहाच्या रेक्टरनं लेखी जाहीर करायला हवं की असा फोन करणाऱ्या मुलावर कारवाई होणार नाही. नशेला उत्तेजन मिळेल, अशी ओरड होईल. होऊ द्या. मेलेल्या पोराला सुधारण्याची संधी मिळत नाही.

मुलं मुळात नशेकडे वळू नयेत, यासाठीही काही करता येतं. आइसलंडमध्ये १९९८ साली दहावीच्या वयातल्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहायचं नाही असा नियम झाला, पण बाकीचं काम आई-बापांनी आणि गावांनी केलं. खेळ आणि संगीताच्या शिकवणीला सरकारनं पैसे दिले, पालकांनी एकमेकांत ठरवून मुलांसोबत संध्याकाळ काढली, दरवर्षी मुलांना विचारून आकडे काढले आणि ते गावाला दाखवले. आपल्याकडे मैदानावर गाड्या लागतात, क्लास रात्री नऊला सुटतात आणि मग मुलगा कोणाबरोबर फिरतो हे आपल्याला पोलीस सांगतात.

बंदी हवी असेल तर ती विकणाऱ्यावर आणा आणि शाळेच्या दारापासून सुरू करा. स्वातंत्र्य हवं असेल तर उपचाराची खाट आधी मागा. आणि दोन्ही बाजूंनी मुलांचा वापर थांबवा.

आई-बापांना एवढंच सांगणं. घरात कोणाला मदत लागत असेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे, तो फ्रीजवर लिहून ठेवा. आणि आज रात्री जेवताना पोराला स्पष्ट सांगा: काहीही घेतलं असलंस, कितीही वाजले असले, कुठेही असलास, तरी मला फोन कर. मी येईन, आधी घरी आणेन, बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. आणि फोन आलाच तर दिलेला शब्द पाळा.